कर्नलचा पॅच लावताना: तयारी, क्रम आणि रीबूटनंतरची तपासणी

सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखाने, शहरातील रुग्णालये, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्याकडचे लिनक्स सर्व्हर तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दुरुस्त केलेल्या कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, पॅकेज डिस्कवर येऊन पडलेले असते, सर्व्हर मात्र महिनोन्‌महिने जुन्या, सदोष कर्नलवरच चालू असतो, आणि तो सांभाळणाऱ्या व्यक्तीची प्रामाणिक समजूत अशी असते की पॅच, म्हणजे दुरुस्ती, लागलेला आहे. दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे. बातमी वाचून घाईघाईने रीबूट केला जातो, सर्व्हर वर येत नाही, आणि पुण्याहून किंवा हैदराबादहून माणूस येईपर्यंत बिलिंग ठप्प होते. हा अनुभव एकदा आला की संस्था पुढे कर्नलला हातच लावत नाही, आणि सगळ्यांत मोठे नुकसान या भीतीने होते.

दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी विशेष विद्वत्ता लागत नाही, क्रम मात्र काटेकोरपणे पाळावा लागतो. खालील टप्पे उबुंटू व डेबियन, तसेच रेड हॅट, रॉकी आणि अल्मा या लिनक्स वितरणांच्या घराण्यांतील सर्व्हरांसाठी लिहिले आहेत. आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टंकावीत.

## टप्पा १: कोणता कर्नल चालू आहे, हे आधी लिहून काढा

डिस्कवर बसवलेला कर्नल आणि मेमरीत चालू असलेला कर्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नल ज्या क्षणी बूट होतो त्या क्षणी मेमरीत चढतो आणि पुढचा रीबूट होईपर्यंत तोच चालत राहतो. दरम्यान डिस्कवर दहा नवे कर्नल आले तरी चालू कर्नलमधली त्रुटी तशीच राहते. ‘युनेम -आर’ (uname -r) हा आदेश चालू कर्नल दाखवतो. बसवलेले कर्नल पाहण्यासाठी उबुंटूवर ‘डीपीकेजी’च्या यादीतील लिनक्स-इमेज या नावाची पॅकेजे पाहावीत आणि रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यू कर्नल’ हा आदेश द्यावा.

उबुंटू सर्व्हरवर ही तफावत हमखास सापडते, आणि त्याला कारण आहे. तेथे सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारी अनअटेंडेड-अपग्रेड्स ही सेवा मूळ मांडणीतच चालू असते, मात्र आपोआप रीबूट करण्याचा पर्याय मूळ मांडणीत बंद असतो. नवे कर्नल रात्रीतून येत राहतात आणि रीबूटची वाट पाहत पडून राहतात. ‘/व्हार/रन’ या फोल्डरात रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल दिसली तर रीबूट बाकी आहे असे समजावे. रेड हॅट घराण्यात हेच काम ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ हा आदेश करतो.

एक बारकावा येथे अनेकांना चकवतो. समजा ‘/बूट’ फोल्डरात ५.१५.०-९१ आणि ५.१५.०-१०१ असे दोन कर्नल आहेत. साध्या यादीत नावे अक्षरानुक्रमे लागत असल्यामुळे १०१ हा क्रमांक ९१ च्या आधी दिसतो, आणि यादीत शेवटी असलेला ९१ हाच नवीन, असे वाटून सर्व्हर अद्ययावत असल्याची नोंद केली जाते. यादी मागताना ‘एलएस -व्ही’ वापरावे, म्हणजे आकडे आकड्यांप्रमाणे लागतात.

प्रत्येक सर्व्हरसाठी वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये पुढील गोष्टी नोंदवाव्यात: सर्व्हरचे काम, वितरण आणि त्याची आवृत्ती, चालू कर्नल, बसवलेला सर्वांत नवा कर्नल, शेवटचा रीबूट, आणि त्या सर्व्हरवर लॉगिन असलेल्या सर्व व्यक्ती. डिझाइन विभागात कोपऱ्यात ठेवलेला आणि ‘फक्त फाइल ठेवायला’ वापरला जाणारा जुना डेस्कटॉपही यादीत घ्यावा. यादीत नसलेल्या यंत्राला पॅच लागत नाही.

इशारा: वितरणाचा आधारच (अपडेट मिळण्याची मुदत) संपला असेल तर पुढच्या टप्प्यांचा उपयोग नाही. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी आणि उबुंटू २०.०४ चा सर्वसाधारण आधार मे २०२५ मध्ये संपला. अशा सर्व्हरवर ‘कोणतेही अपडेट उपलब्ध नाही’ हा संदेश आला, तर तो सर्व्हर सुरक्षित असल्याचा पुरावा मानू नये. त्याच्यासाठी आता सर्वसाधारण पॅच येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेथे स्थलांतराचे किंवा विस्तारित आधाराचे नियोजन वेगळे करावे लागते.

## टप्पा २: त्रुटी आपल्याला लागू आहे का, हे ठरवा

हा टप्पा सर्वाधिक गोंधळाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला गोंधळ आवृत्तीच्या आकड्यांचा. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेली ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी, म्हणजे सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई हा प्रत्येक जाहीर त्रुटीला दिला जाणारा ओळख क्रमांक), मूळ कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून होती आणि ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. बातमीतले हे आकडे घेऊन कोणी आपल्या सर्व्हरशी ताडून पाहिले, तर निष्कर्ष हमखास चुकतो. रेड हॅट आणि उबुंटू हे मूळ आवृत्तीचा आकडा न बदलता दुरुस्ती जुन्या कर्नलमध्ये मागे नेऊन बसवतात. रेड हॅट ९ चा कर्नल ५.१४ या आकड्यावरच राहतो, उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५.० असेच म्हणत राहतो. बदलतो तो त्यापुढचा बिल्ड क्रमांक. म्हणून तुलना नेहमी आपल्या वितरणाच्या सुरक्षा-सूचनेत दिलेल्या पॅकेज क्रमांकाशीच करावी.

एकाच वितरणाच्या एकाच आवृत्तीवर दोन वेगळे कर्नल-प्रवाह असू शकतात, हेही ध्यानात घ्यावे. उबुंटू २०.०४ चा मूळ कर्नल ५.४ होता, त्याला डर्टी पाइप लागू नव्हती, त्याच २०.०४ वर नव्या हार्डवेअरसाठी दिला जाणारा ५.१३ कर्नल ज्यांनी घेतला होता, त्यांना मात्र ती लागू होती. ‘आमच्याकडे २०.०४ आहे’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही ते यामुळे.

दुसरा गोंधळ ‘लोकल’ या शब्दाचा. कर्नलमधील बहुतांश गंभीर त्रुटी स्थानिक अधिकारवाढीच्या असतात, म्हणजे हल्लेखोराला आधी त्या यंत्रावर साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने काहीतरी चालवता यावे लागते आणि मग त्रुटीचा फायदा घेऊन तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होतो. हे वाचून ‘आमचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत आहे, बाहेरचा माणूस कसा येणार’ असा तर्क मांडला जातो. हा तर्क चुकीचा आहे. संकेतस्थळावरील जुन्या प्लगइनमधून शिरलेला हल्लेखोर वेब सर्व्हरच्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने आदेश चालवू लागला, की कर्नलच्या दृष्टीने तो स्थानिकच असतो. सोपा पासवर्ड असलेले ऑपरेटरचे एसएसएच (दुरून लॉगिन करण्याचे) खाते हाही तोच दरवाजा आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तर शेकडो विद्यार्थ्यांना अधिकृतपणे लॉगिन दिलेले असते. तेथे स्थानिक त्रुटीला पहिला अग्रक्रम द्यायला हवा.

तिसरा गोंधळ संख्येचा. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळू लागला. त्यामुळे यादी प्रचंड वाढली आहे, आणि लहान संस्थेने प्रत्येक क्रमांक वाचत बसणे अव्यवहार्य आहे. माझ्या मते योग्य पद्धत अशी: वितरणाने दिलेले सर्व कर्नल अपडेट ठरावीक अंतराने, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, नियमाने घ्यावेत, आणि त्या अंतरापूर्वीच धाव घ्यावी अशा त्रुटी वेगळ्या काढाव्यात.

तातडीची त्रुटी ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची नोंद आहे का? तिचा फायदा घेणारा कार्यक्रम उघडपणे उपलब्ध आहे का? ज्या भागात त्रुटी आहे तो भाग आपल्या सर्व्हरवर चालू आहे का? पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेची गैरवापर झालेल्या त्रुटींची यादी आणि आपल्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना पाहाव्यात. नेटफिल्टर या कर्नलमधील फायरवॉलच्या एनएफ-टेबल्स भागातील सीव्हीई-२०२४-१०८६ हे याचे उत्तम उदाहरण आहे: दुरुस्ती २०२४ च्या सुरुवातीला आली, फायदा घेणारा कार्यक्रम मार्चमध्ये उघड झाला आणि मे अखेरीस ती सिसाच्या यादीत गेली. ज्यांच्या वितरणाने दुरुस्ती मार्चपूर्वी दिली होती आणि ज्यांनी नेहमीचे अपडेट घेऊन रीबूट केला होता, त्यांना मार्चमध्ये धावपळ करावी लागली नाही.

तपासणी: डॉकर वापरत असल्यास हे निश्चित समजून घ्या की कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो; तो यजमान सर्व्हरचाच कर्नल वापरतो. कंटेनरची इमेज नवी केल्याने कर्नलची त्रुटी जात नाही. आभासी यंत्रांत याउलट प्रत्येक यंत्राचा कर्नल स्वतंत्र असतो, त्यामुळे यजमान आणि प्रत्येक आभासी यंत्र अशी दोन्हीकडे तपासणी करावी.

## टप्पा ३: वेळ आणि माणसे ठरवा

वेळ निवडताना ‘काम कमी असते तेव्हा’ एवढा निकष अपुरा आहे. काही बिघडले तर मदत मिळेल का, हा खरा निकष आहे. शनिवारी रात्री रीबूट करून रविवारी पुरवठादाराचा फोन लागत नाही, अशी वेळ निवडू नये. कारखान्यात पाळी बदलताना, रुग्णालयात सायंकाळची ओपीडी आटोपल्यावर, पतसंस्थेत रोजचा हिशेब बंद झाल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी कामाचा दिवस असताना हे काम करावे. महिनाअखेर, मार्चअखेर आणि जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेचे दिवस वगळावेत, कारण या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, काळात मदतीला माणूस मिळणे आणि शहरात वेळेवर पोहोचणे, दोन्ही कठीण होते.

विजेचा विचार आधी करावा. एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी वळवाच्या पावसाबरोबर वीज जाणे येथे नित्याचे आहे, आणि बूटची प्रतिमा डिस्कवर लिहिली जात असताना वीज गेली तर नवा कर्नल अर्धवट राहतो. यूपीएस किती वेळ टिकतो, हे त्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नये. खरोखर भार देऊन पाहावे. महावितरणने त्या भागात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे जाहीर केले आहे का, तेही पाहून घ्यावे.

सर्व्हरजवळ एक व्यक्ती प्रत्यक्ष असावी आणि मॉनिटर व कीबोर्ड जोडलेले असावेत. आयलो किंवा आयड्रॅकसारखे दूरस्थ कन्सोल असेल तर त्याचा पासवर्ड आधीच चालवून पाहावा. केवळ एसएसएचच्या भरवशावर कर्नल बदलू नये, कारण नव्या कर्नलवर नेटवर्क कार्ड चालले नाही तर एसएसएचही नसेल.

## टप्पा ४: बॅकअप, आणि जुन्याच कर्नलवर एक रीबूट

डेटाबेसचा स्वतंत्र डंप घ्यावा, तो दुसऱ्या यंत्रावर हलवावा आणि तेथे उघडून एखादी अलीकडची नोंद, उदाहरणार्थ कालचे शेवटचे बिल, दिसते का ते पाहावे. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नये. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट सोयीचा असतो, पण तो त्याच डिस्कवर असल्यामुळे बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. सॉफ्टवेअर रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) असल्यास ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’ पाहून सर्व डिस्क जोडलेल्या आहेत याची खात्री करावी. एक डिस्क आधीच निकामी असेल तर येथेच थांबावे.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत तिचे मोल सर्वांत जास्त आहे: नवे काहीही न बसवता, चालू असलेल्या जुन्याच कर्नलवर सर्व्हर एकदा रीबूट करून पाहावा. वर्षभर न थांबलेल्या सर्व्हरवर दरम्यानच्या काळात कोणी हाताने डिस्क माउंट केलेली असते आणि ती ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये लिहिलेली नसते. एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते, पण बूटसोबत सुरू होण्यासाठी नोंदवलेली नसते. फायरवॉलचे नियम चालू असतात, पण जतन केलेले नसतात. कर्नल बदलून रीबूट केल्यावर या सगळ्या जुन्या उणिवा एकदम वर येतात आणि दोष नव्या कर्नलवर जातो. मग घाबरून जुना कर्नल परत लावला जातो, तरीही दोष राहतोच, आणि रात्र वाया जाते.

ज्या सर्व्हरवर नवा कर्नल आधीच आपोआप बसून रीबूटची वाट पाहत आहे, तेथे साधा रीबूट केला तर तो थेट नव्यावरच जाईल. म्हणून बूट होताना ग्रबच्या, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूतील प्रगत पर्यायांत जाऊन चालू असलेला जुना कर्नल हाताने निवडावा. रीबूटपूर्वी ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ (findmnt --verify) या आदेशाने एफएसटॅब तपासावी. नंतर सर्व सेवा, सर्व माउंट, नेटवर्क, फायरवॉल आणि घड्याळ पाहून त्यांची नोंद करावी आणि जे काही आपोआप वर आले नाही ते कायमचे दुरुस्त करावे. हा रीबूट शक्यतो मुख्य कामाच्या एक-दोन दिवस आधी करावा.

## टप्पा ५: जागा आणि बाहेरचे ड्रायव्हर

‘/बूट’ हा वेगळा, लहान विभाग असेल तर तो भरलेला नाही ना, हे ‘डीएफ’ आदेशाने पाहावे. तेथे जागा संपली की नव्या कर्नलची इनिट-रॅमएफएस प्रतिमा (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अपुरी बनते, आणि पुढच्या रीबूटला ‘रूट फाइल प्रणाली माउंट करता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन कर्नल थांबतो. जुने कर्नल उबुंटूवर ‘ऑटोरिमूव्ह’ने काढावेत. रेड हॅट घराण्यात मूळ मांडणीनुसार तीनच कर्नल ठेवले जातात आणि त्याहून जुने आपोआप निघतात.

इशारा: ‘/बूट’मधील फाइली हाताने पुसू नका. त्यामुळे पॅकेज व्यवस्थापकाची नोंद आणि डिस्क यांचा मेळ तुटतो. चालू असलेला कर्नल आणि त्याआधीचा एक, असे दोन कर्नल कोणत्याही परिस्थितीत शिल्लक ठेवा.

कर्नलबाहेरचे मॉड्यूल हे दुसरे ठिकाण. एनव्हिडियाचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, झेडएफएस, काही रेड कार्ड आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचे यूएसबी डोंगल यांचे मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आदेशाने यादी काढावी आणि नव्या कर्नलच्या हेडर्सचे पॅकेजही बसणार आहे ना, ते पाहावे. जॅकार्ड (विणकामातील नक्षी) डिझाइनच्या लिनक्स यंत्रांवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडतो तो बहुधा येथेच. सिक्युअर बूट चालू असेल तर नव्या मॉड्यूलसाठी चावी नोंदवण्याची निळी स्क्रीन बूटच्या वेळी येऊ शकते; ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते आणि तिला कीबोर्डवरूनच उत्तर द्यावे लागते.

## टप्पा ६: आज रीबूट शक्य नसेल तर तात्पुरता उपाय

पॅच आलेला नसेल किंवा चार दिवस रीबूट करता येणार नसेल, तर त्रुटी असलेला भाग बंद करता येतो का ते पाहावे. वापरात नसलेले मॉड्यूल ‘मॉडप्रोब’च्या मांडणीत अडवता येते. अनेक अलीकडच्या त्रुटींचा फायदा घेण्यासाठी साध्या वापरकर्त्याला युजर नेमस्पेस (स्वतःपुरते वेगळे अधिकारक्षेत्र) तयार करता यावी लागते. उबुंटू व डेबियनवर आणि रेड हॅट घराण्यात ती बंद करण्याची वेगवेगळी ‘सिसकंट्रोल’ (sysctl) मांडणी आहे. साध्या वापरकर्त्यांसाठी बीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) बंद ठेवणे हाही चांगला नियम आहे. मात्र नेमस्पेस बंद केल्यावर रूटविना चालणारे कंटेनर आणि काही ब्राउझरांचे सँडबॉक्स अडतात, म्हणून आधी दुय्यम यंत्रावर पाहावे.

लाइव्ह पॅचिंगची, म्हणजे रीबूट न करता पॅच लावण्याची, सोय उबुंटू आणि रेड हॅट दोन्हीकडे आहे आणि ती उपयुक्त आहे. पण ती निवडक त्रुटींनाच लागू होते आणि तिच्या जोरावर रीबूट कायमचा टाळता येत नाही. प्रत्येक तात्पुरत्या उपायापुढे तो काढण्याची तारीख वहीत लिहावी.

## टप्पा ७: नवा कर्नल बसवा

प्रथम दुय्यम सर्व्हर, एक-दोन दिवस निरीक्षण, आणि मग मुख्य सर्व्हर, असा क्रम ठेवावा. काम टीमक्स किंवा स्क्रीनच्या सत्रात करावे, म्हणजे इंटरनेट तुटले तरी पॅकेज बसवण्याचे काम मध्ये थांबत नाही. त्या दिवशी फक्त कर्नल बदलावा. डेटाबेस, पीएचपी आणि कर्नल एकाच रात्री बदलले, तर बिघाड कशाने झाला हे सांगता येत नाही.

नवा कर्नल मुळात येतच नाही, याची तीन कारणे वारंवार सापडतात:

1. उबुंटूवर ‘एपीटी-गेट अपग्रेड’ हा आदेश नवे पॅकेज जोडत नाही, आणि प्रत्येक नवा कर्नल वेगळ्या नावाचे नवे पॅकेज असतो. त्यामुळे तो ‘रोखून ठेवला’ असा संदेश येतो आणि कोणी तो वाचत नाही. ‘एपीटी अपग्रेड’ किंवा ‘एपीटी-गेट डिस्ट-अपग्रेड’ वापरावे.
2. लिनक्स-इमेज-जेनेरिकसारखे मुख्य पॅकेज कधीतरी काढले गेलेले असते किंवा ‘एपीटी-मार्क होल्ड’ने रोखलेले असते.
3. रेड हॅट घराण्यात डीएनएफच्या मांडणीत कर्नल वगळण्याची ओळ एखाद्या पुरवठादाराने कधीकाळी टाकलेली असते. ती का टाकली होती, हे विचारून मगच काढावी.

तपासणी: आदेश संपल्यावर शेवटच्या ओळी वाचा. नव्या क्रमांकाची कर्नल फाइल आणि त्याच क्रमांकाची इनिट-रॅमएफएस प्रतिमा अशा दोन्ही ‘/बूट’मध्ये आहेत का, आणि प्रतिमेचा आकार आधीच्या प्रतिमेच्या जवळपास आहे का, ते पाहा. आकार फारच लहान असेल तर रीबूट करू नका. प्रतिमा पुन्हा बनवा.

## टप्पा ८: परतीची वाट ठेवून रीबूट

ग्रबमध्ये नवा कर्नल फक्त एका बूटसाठी निवडण्याची सोय आहे. मांडणीत मूळ पर्याय ‘सेव्ह्ड’ असा ठेवून, जुना कर्नल कायमचा पर्याय म्हणून नोंदवावा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल पुढच्या एकाच बूटसाठी निवडावा. त्याच्या जोडीला कर्नलच्या बूट-ओळीत ‘पॅनिक’ची किंमत १० ठेवावी. नवा कर्नल सुरू होतानाच कोसळला, तर १० सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होते आणि जुन्या कर्नलवर परत येते. कर्नल कोसळला नाही, पण मध्येच अडकून राहिला किंवा नेटवर्क आले नाही, तर ही योजना मदत करत नाही. म्हणूनच सर्व्हरजवळ माणूस हवा. ‘/बूट’ हे एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर ग्रबला आपली नोंद पुसता येत नाही आणि एकाच बूटची निवड चिकटून राहते. तेथे ही पद्धत न वापरता कन्सोलवरून हाताने निवड करावी.

रीबूटपूर्वी आधी ॲप्लिकेशन आणि मग डेटाबेस थांबवावा. रीबूट दिल्यावर मोठ्या सर्व्हरचे फर्मवेअर मेमरी आणि डिस्क तपासण्यात कित्येक मिनिटे घेते आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहू शकते. या काळात अधीर होऊन पॉवरचे बटण दाबू नये.

## टप्पा ९: रीबूटनंतरची तपासणी, याच क्रमाने

1. ‘युनेम -आर’ नवा क्रमांक दाखवतो का? दाखवत नसेल तर पुढे काहीही तपासू नये. प्रथम ग्रबची निवड पाहावी.
2. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ची यादी रिकामी आहे का?
3. सर्व माउंट, नेटवर्क पत्ते, फायरवॉलचे नियम आणि घड्याळ टप्पा ४ मधील नोंदीशी जुळतात का?
4. कर्नलच्या नोंदींमध्ये डिस्क किंवा मेमरीच्या नव्या तक्रारी आहेत का?
5. ‘एलएससीपीयू’च्या शेवटी दिसणाऱ्या प्रोसेसरच्या त्रुटींच्या यादीत कोठे ‘व्हल्नरेबल’ (असुरक्षित) असे लिहिले आहे का? जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींपासून हा भाग महत्त्वाचा झाला आहे. काही उपायांसाठी कर्नलबरोबर प्रोसेसरचा मायक्रोकोडही अद्ययावत लागतो.
6. वापरणाऱ्याच्या टेबलावर बसून एक व्यवहार पूर्ण करावा: पतसंस्थेत पासबुक छापून, रुग्णालयात प्रयोगशाळेचा अहवाल उघडून, कारखान्यात डिलिव्हरी चलन काढून. सर्व सेवा हिरव्या दिसत असताना छपाई बंद असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

इशारा: टप्पा ८ मधील एकाच बूटची पद्धत वापरली असेल, तर कायमचा पर्याय अजूनही जुना, सदोष कर्नलच आहे. तपासणी पूर्ण होताच नवा कर्नल कायमचा करा. हे राहून गेले, तर पुढच्या वेळी वीज जाऊन आल्यावर सर्व्हर गुपचूप जुन्या कर्नलवर परत जाईल आणि वहीत मात्र ‘पॅच लागला’ असेच लिहिलेले राहील.

त्या रात्रीचा बॅकअप वेळेवर झाला का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. आठवडाभर सर्व काही सुरळीत चालले की टप्पा ६ मधील तात्पुरते उपाय काढावेत, मात्र साध्या वापरकर्त्यांसाठी बीपीएफ बंद ठेवण्यासारखे कायम ठेवण्याजोगे निर्बंध राहू द्यावेत. जुना कर्नल पुढच्या अपडेटांनंतर काढता येईल.

## शिरकाव आधीच झाला असल्याची शंका असेल तर

पॅचमुळे दार बंद होते; आत आलेला माणूस बाहेर जात नाही. अनोळखी रूट खाते, न टाकलेली क्रॉन नोंद, प्रोसेसरवरील अकारण भार किंवा पुसलेले लॉग दिसले, तर वरील क्रम लागू करू नये. रीबूट केल्यास मेमरीतील पुरावा नष्ट होतो, म्हणून सर्व्हर चालू ठेवूनच त्याचे नेटवर्क तोडावे, लॉग दुसऱ्या यंत्रावर उतरवावेत आणि डिस्कची प्रत घ्यावी. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती, ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. कळवणारी व्यक्ती कोण, हे संस्थेने आधीच ठरवून ठेवावे.

त्यानंतर त्याच डिस्कवर पॅच लावून काम पुढे चालू करू नये. नवीन डिस्कवर वितरण स्वच्छ बसवावे, जोडणीपूर्वीच कर्नल अद्ययावत करावा, बॅकअपमधून फक्त डेटा परत घ्यावा, प्रोग्रॅमच्या फाइली मूळ स्रोतातून नव्याने बसवाव्यात, आणि सर्व पासवर्ड व एसएसएच चाव्या बदलल्यानंतरच सर्व्हर पुन्हा नेटवर्कला जोडावा.